वापसा आकाशातून मोजताना

मृगाचा पहिला दमदार पाऊस पडून गेला की यवतमाळ जिल्ह्यातल्या गावागावांत एकच चर्चा सुरू होते : पेरायचे की थांबायचे? कपाशी असो, सोयाबीन असो की तूर. बियाणे महाग, खत महाग, आणि पेरणीनंतर पावसाने पंधरा दिवस दडी मारली की दुबार पेरणी कपाळी आलीच. जिल्ह्यातली बहुतांश शेती कोरडवाहू. त्यामुळे पहिल्या पेरणीत गेलेले पैसे भरून काढायला दुसरी वाट नसते.

कृषी विभाग दरवर्षी सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. सल्ला योग्यच आहे. पण पाऊस किती पडला आणि जमिनीत किती मुरला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शंभर मिलिमीटर पाऊस दोन तासांत कोसळला तर उताराच्या रानातून तो मातीसकट नाल्याला जातो. तोच चार दिवस रिमझिम पडला तर वीतभर खोल ओल जाते. म्हणूनच अनुभवी शेतकरी पर्जन्यमापकाच्या आकड्यावर थांबत नाही. तो तासात हात घालतो, मूठभर माती काढतो, तिचा लाडू वळतो का ते पाहतो. लाडू वळला आणि बोटाने दाबल्यावर फुटला तर वापसा आला. चिकटून राहिला तर अजून दोन दिवस थांबायचे. वळलाच नाही तर पावसाची वाट पाहायची.

ओल, वापसा, घात हे आपल्या भाषेतले शब्द म्हणजे मातीतल्या ओलाव्याची मापेच आहेत. हेच माप आता सहाशे-सातशे किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह घेत आहेत. त्यांचे आकडे हवामानाच्या अंदाजात, पूर-इशाऱ्यांत आणि दुष्काळाच्या कागदपत्रांतही येऊ लागले आहेत. या आकड्यांना काय दिसते आणि काय दिसत नाही, हे कोरडवाहू जिल्ह्यातल्या माणसाने समजून घेतलेले बरे. कारण उद्या त्याच्या तालुक्याचा निवाडा याच आकड्यांवर होऊ शकतो.

ओली माती ‘थंड’ दिसते

उपग्रहातून माती ओली आहे हे कसे कळते? फोटो काढून नव्हे. पावसाळ्यात यवतमाळवर दिवसेंदिवस ढग असतात, आणि साध्या कॅमेऱ्याला ढगांखालचे काही दिसत नाही. त्यासाठी सूक्ष्मलहरींचा, म्हणजे मायक्रोवेव्हचा उपयोग होतो. या लहरी ढगांतून आरपार जातात आणि त्यांना दिवस-रात्रीचे बंधन नसते.

यामागचे रहस्य पाण्याच्या रेणूत आहे. पाण्याच्या रेणूचे एक टोक किंचित धनभारित आणि दुसरे किंचित ऋणभारित असते. विद्युत क्षेत्रात असे रेणू पटकन वळतात. पदार्थाच्या या गुणाला परावैद्युत स्थिरांक म्हणतात. कोरड्या मातीसाठी तो तीन-चारच्या आसपास असतो, पाण्यासाठी ऐंशीच्या आसपास. म्हणजे मातीत थोडे पाणी मिसळले तरी तिचा विद्युत स्वभाव ठळकपणे बदलतो. हा बदल उपग्रह दोन रीतींनी टिपतात.

पहिली रीत नुसते ऐकण्याची. जमिनीतून स्वाभाविकपणे अत्यंत क्षीण सूक्ष्मलहरी सतत बाहेर पडत असतात. कोरडी माती त्या जास्त सोडते, ओली माती कमी. त्यामुळे या लहरींच्या ‘नजरेला’ ओली जमीन थंड आणि कोरडी जमीन उष्ण दिसते. लहरी मोजणाऱ्या या उपकरणाला रेडिओमीटर म्हणतात.

दुसरी रीत हाक मारून प्रतिध्वनी ऐकण्याची. उपग्रह स्वतः लहरी सोडतो आणि जमिनीवरून किती परत आल्या ते मोजतो. हे रडार. ओली जमीन लहरी अधिक जोराने परतवते. रडारची नजर बारीक असते, पण ती फसतेही लवकर. ओलाव्याइतकाच परिणाम जमिनीच्या खडबडीतपणाचा होतो. नुकतेच वखरलेले ढेकळांचे रान आणि पावसाने चोपून सपाट झालेले रान यांत ओल सारखीच असली तरी रडारला ती वेगळी वाटतात. सऱ्या कोणत्या दिशेने पाडल्या आहेत, याचाही फरक पडतो.

लहरीची लांबी महत्त्वाची. साधारण एकवीस ते चोवीस सेंटिमीटर लांबीच्या लहरी (यांना एल-बँड म्हणतात) पिकाच्या पानांमधून बऱ्यापैकी वाट काढतात आणि मातीचा वरचा सुमारे पाच सेंटिमीटरचा थर ‘वाचतात’. पाच-सहा सेंटिमीटर लांबीच्या सी-बँड लहरी दाट पिकात अडकतात. जूनमध्ये उघडे रान असताना त्या चांगले काम करतात. ऑगस्टअखेर कपाशीच्या ओळी मिटल्या की त्यांना मातीपेक्षा पऱ्हाटीची पानेच जास्त दिसतात.

ऐकणाऱ्या उपग्रहांसाठी १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ ही पट्टी जगभर राखून ठेवलेली आहे. तेथे कोणी प्रक्षेपण करू नये, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. ती मुळात राखली गेली खगोलशास्त्रज्ञांसाठी, कारण विश्वातला हायड्रोजन याच पट्टीत ‘बोलतो’. नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीणही हा आवाज ऐकू शकते. दूरच्या दीर्घिका आणि आपल्या शेतातली ओल, दोन्ही ऐकायला तीच शांतता लागते.

भास्करपासून निसारपर्यंत

सूक्ष्मलहरी मापनाची आपल्याकडची सुरुवात जुनी आहे. ७ जून १९७९ रोजी सोडलेल्या भास्कर-१ या उपग्रहावर सूक्ष्मलहरी मोजणारे रेडिओमीटर होते. मातीच्या ओलाव्यासाठी खास बनवलेला पहिला उपग्रह मात्र युरोपचा. ‘स्मॉस’ २ नोव्हेंबर २००९ रोजी अवकाशात गेला. त्यानंतर ३१ जानेवारी २०१५ रोजी अमेरिकेच्या ‘नासा’ने ‘स्मॅप’ पाठवला.

स्मॅपवर ऐकणारे रेडिओमीटर आणि हाक मारणारे रडार दोन्ही होते. एकाची अचूकता आणि दुसऱ्याची बारीक नजर जुळवायची, अशी योजना होती. पण जुलै २०१५ मध्ये रडार बंद पडले ते कायमचेच. रेडिओमीटर मात्र पुढेही काम करत राहिले आणि दर दोन-तीन दिवसांनी जवळपास सगळ्या पृथ्वीची ओल मोजत राहिले. रडारची उणीव भरून काढण्यासाठी शास्त्रज्ञांनी युरोपच्या सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाची मदत घेतली.

भारताने १४ फेब्रुवारी २०२२ रोजी ईओएस-०४ हा सी-बँड रडार उपग्रह सोडला. हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र त्याच्या नोंदींवरून देशातील मातीच्या ओलाव्याचे नकाशे तयार करते. जपानी उपग्रहाच्या नोंदींवरून बनवलेले जाडसर नकाशे त्याआधीपासून ‘भुवन’ या संकेतस्थळावर सर्वांना पाहता येत होते. आणि ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्यावरून इस्रो व नासा यांचा संयुक्त ‘निसार’ झेपावला. बारा मीटर व्यासाची जाळीची छत्री उघडून तो दोन वेगवेगळ्या लहरींनी पृथ्वी टिपतो : एल-बँड रडार नासाचे, एस-बँड रडार इस्रोचे. एकाच उपग्रहावर या दोन्ही लहरींचे रडार असण्याची ही पहिलीच वेळ. बारा दिवसांत तो जवळपास सगळी जमीन दोनदा पाहतो.

नागपूरलाही या कामाची परंपरा आहे. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र तेथे आहे, आणि मातीचे सर्वेक्षण करून राज्याराज्यांचे मृदा-नकाशे बनवणारी राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थाही तेथेच. पुढे दिसेल की आकाशातल्या उपग्रहाइतकीच गरज या मृदा-नकाशांची आहे.

एका ठिपक्यात दोन तालुके

आता हे सगळे यवतमाळच्या नकाशावर ठेवून पाहू. जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १३,५८२ चौरस किलोमीटर, तालुके सोळा. स्मॅपच्या रेडिओमीटरचा एक ठिपका साधारण चाळीस किलोमीटर लांब-रुंद असतो, म्हणजे सोळाशे चौरस किलोमीटरचा. हिशेब केला तर अख्खा जिल्हा आठ-नऊ ठिपक्यांत बसतो. सरासरीने दोन तालुक्यांना एक आकडा!

हा आकडा चुकीचा नसतो, पण तो सरासरीचा असतो. त्या एका ठिपक्यात टेकडीवरचे मुरमाड बरड असते, नाल्याकाठची भारी काळी जमीन असते, बेंबळ्याच्या कालव्याखालचे ओलिताचे रान असते, सागाचे जंगल आणि एखादा तलावही असतो. यवतमाळमध्ये दोन शिवारांवर सारखा पाऊस पडत नाही, हे तर गावातले शेंबडे पोरही सांगेल. महसूल मंडळ बदलले की पाऊस बदलतो. असा विस्कळीत पाऊस चाळीस किलोमीटरच्या ठिपक्यात विरघळून जातो.

मग त्याचा उपयोग काय? उपयोग मोठ्या चित्रासाठी आहे. मान्सून विदर्भात कसा सरकतो आहे, कोणत्या पट्ट्यात जमीन नेहमीपेक्षा लवकर वाळते आहे, गेल्या दहा वर्षांच्या तुलनेत यंदाचा जुलै कसा आहे, ही माहिती या ठिपक्यांतून चांगली मिळते. हवामानाच्या अंदाजासाठीही ती लागते, कारण ओली जमीन हवेला बाष्प पुरवते आणि कोरडी जमीन हवा तापवते.

बारीक नजरेसाठी रडार उपग्रह आहेत. ईओएस-०४ च्या नोंदींवरून अर्धा किलोमीटरचा ठिपका मिळतो आणि निसारकडून काहीशे मीटरचा. दोनशे मीटर लांब-रुंद ठिपका म्हणजे चार हेक्टर, दहा एकर. जिथे पाच-सात एकराचे खातेदार बहुसंख्य, तिथे हा ठिपकाही दोन-तीन शेतांचा असतो. पण शिवाराच्या पातळीवर तो खूपच उपयोगी आहे. फक्त रडारचे आधी सांगितलेले दोष, म्हणजे ढेकळे, सऱ्या आणि दाट पीक, लक्षात ठेवावे लागतात.

एकच आकडा, दोन अर्थ

समजा ठिपका कितीही बारीक झाला आणि उपग्रहाने सांगितले की अमुक शेतात मातीच्या आकारमानाच्या २२ टक्के पाणी आहे. हे पुरेसे आहे का?

उत्तर मातीवर अवलंबून आहे. यवतमाळच्या भारी काळ्या जमिनीत अतिशय बारीक, फुगणारी चिकणमाती असते. तिचे कण पाण्याचा पातळ थर इतका घट्ट धरून ठेवतात की मुळांना तो ओढता येत नाही. ढोबळ मानाने अशा जमिनीत ओलावा २५ टक्क्यांच्या खाली गेला की पीक सुकू लागते, आणि पाणी निथळून गेल्यावर ती ४० टक्क्यांपर्यंत धरून ठेवते. हलक्या मुरमाड जमिनीत पीक सुकण्याची पातळी ८ टक्क्यांच्या आसपास, तर धरून ठेवण्याची क्षमता १८ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे २२ टक्के ओल असलेली बरड जमीन पाण्याने तुडुंब असते, आणि त्याच २२ टक्क्यांवर भारी काळ्या रानातली पऱ्हाटी माना टाकते.

या हिशेबाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची. काळ्या जमिनीत पिकाला मिळू शकणारी ओल १५ टक्के आणि मातीची खोली ९० सेंटिमीटर धरली, तर साठा होतो १३५ मिलिमीटर. मुरमाड जमिनीत १० टक्के आणि खोली ३० सेंटिमीटर, तर साठा फक्त ३० मिलिमीटर. वाढीतले पीक दिवसाला पाच मिलिमीटर पाणी वापरते असे मानले, तर पाऊस थांबल्यावर काळे रान सत्तावीस दिवस टिकते आणि मुरमाड रान सहा दिवस. प्रत्यक्षात ओल संपण्याच्या बऱ्याच आधी पिकाला ताण बसू लागतो, त्यामुळे दोन्ही मुदती याहून कमी. पण त्यांच्यातली तफावत खरी आहे. एका एकरावरचा एक मिलिमीटर म्हणजे सुमारे चार हजार लिटर पाणी. त्या हिशेबाने मुरमाड एकरात पोटभर पाऊस झाल्यावरही दहा हजार लिटरचे जेमतेम बारा टँकर साठतात, काळ्या एकरात चोपन्न.

उपग्रहाचा आकडा मृदा-नकाशाशिवाय अपुरा का, हे यावरून कळते. उपग्रह सांगतो टाकीत पाणी किती. टाकी केवढी आहे, हे माती सांगते.

मापनातली चूकही इथेच बोचते. स्मॅपसाठी अचूकतेचे उद्दिष्ट चार टक्के ओलाव्याचे होते. काळ्या जमिनीतली उपलब्ध ओलच पंधरा टक्के असेल, तर चार टक्क्यांचा फरक म्हणजे तिचा पाव हिस्सा. शिवाय चिकणमातीने घट्ट धरलेले पाणी लहरींनाही मोकळ्या पाण्यासारखा प्रतिसाद देत नाही. म्हणून वाळूसाठी बसवलेले सूत्र काळ्या रानाला जसेच्या तसे चालत नाही. ते जमिनीवर तपासूनच बसवावे लागते. आणि तपासणीची रीत आजही साधीच आहे : शेतातून मातीचा नमुना घ्यायचा, वजन करायचे, भट्टीत १०५ अंश सेल्सिअसला चोवीस तास वाळवायचा, पुन्हा वजन करायचे. जितके वजन घटले तितके पाणी.

जून, ऑगस्ट, ऑक्टोबर

उपग्रह वरचा पाच सेंटिमीटरचा थर पाहतो, ही त्याची मोठी उणीव मानली जाते. ती खरोखर उणीव आहे का, हे हंगामातल्या दिवसावर ठरते.

जूनमध्ये ती उणीव नाही. सोयाबीनचे बी तीन ते पाच सेंटिमीटरवर पडते, कपाशीचेही साधारण तेवढ्यावरच. बी उगवायला लागणारी ओल नेमकी उपग्रहाला दिसणाऱ्या थरातली. रान उघडे असल्याने लहरींच्या वाटेत पीकही नसते. म्हणजे दुबार पेरणीचा धोका ओळखण्यासाठी उपग्रह सर्वांत भरवशाचा असतो तो याच दिवसांत. मंडळातला पाऊस, वरच्या थरातली ओल आणि पुढच्या आठवड्याचा अंदाज या तिन्हींची सांगड घालून ‘अजून थांबा’ असा सल्ला तालुक्याऐवजी गावगटाच्या पातळीवर देता येऊ शकतो. फक्त एक लक्षात ठेवावे. वरची ओल असणे आणि वरची ओल टिकणे वेगळे. खाली कोरडी आणि वर ओली जमीन दोन कडक उन्हांत उघडी पडते. धूळपेरणी करणाऱ्यांचा जुगार इथेच फसतो.

ऑगस्टमध्ये चित्र पालटते. सोयाबीन फुलोऱ्यावर आणि शेंगा भरण्यावर येते, त्याच वेळी पावसाचा खंड पडला तर नुकसान मोठे. आता मुळे फूटभर आणि त्याखाली गेलेली असतात. वरचा थर दोन दिवसांत वाळतो, पण काळ्या रानात खाली साठा असतो; मुरमाड रानात तो नसतो. वरच्या पाच सेंटिमीटरवरून पाहिले तर दोन्ही रानं सारखीच कोरडी. म्हणून शास्त्रज्ञ उपग्रहाची नोंद संगणकीय प्रारूपात घालतात. पाऊस, तापमान, मातीचा प्रकार आणि पीक यांच्या हिशेबातून ते एक मीटर खोलीपर्यंतच्या ओलाव्याचा अंदाज काढतात. स्मॅपच्या नोंदींवरून असा मूळथराचा नकाशा नऊ किलोमीटरच्या ठिपक्यांत नियमित निघतो. तो उपयोगी आहे. पण तो पाहिलेला आकडा नाही, काढलेला आकडा आहे.

ऑक्टोबरमध्ये कपाशीची बोंडे भरत असतात, तूर फुलोऱ्याकडे जाते आणि हरभऱ्याच्या पेरणीचा विचार सुरू होतो. हा सगळा खेळ खोल ओलीवर चालतो. जमीन वरून भेगाळू लागते. उपग्रहाला पाच सेंटिमीटर कोरडी दिसते, आणि खाली हातभर खोलीवर हरभऱ्याला पुरेल एवढी ओल असते किंवा नसते. हे फावड्यानेच कळते.

ओल कमी पडते तेवढाच प्रश्न असतो असेही नाही. लांब उघडिपीनंतर जोराचा पाऊस झाला की काळ्या रानात पाणी तुंबते, मुळांना हवा मिळत नाही आणि हिरवीगार पऱ्हाटी एकाएकी मान टाकते. शेतकरी याला ओळखतात आकस्मिक मर म्हणून. वापसा म्हणजे पाणी आणि हवा यांचा समतोल. जास्त ओलही धोक्याचीच, आणि ती सलग किती दिवस टिकली हे उपग्रहाच्या नोंदीत चांगले दिसते.

धरणात पाणी कधी येते?

पाणी व्यवस्थापनासाठी मातीची ओल वेगळ्या कारणाने महत्त्वाची. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळलेली असते. जूनचा पाऊस आधी त्या भेगा आणि माती भरतो. ती भरल्याशिवाय नाले वाहत नाहीत. म्हणून जूनमध्ये चांगला पाऊस होऊनही बेंबळा, अरुणावती, पूस या धरणांत पाणी फारसे वाढत नाही. आणि जुलैअखेर जमीन तृप्त असताना मात्र तेवढ्याच पावसाने पूर येतो.

२०२३ चा हंगाम आठवा. २२ जुलैला जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, महागाव तालुक्यातील आनंदनगर तांडा पुराने वेढला गेला आणि तिथल्या लोकांच्या सुटकेसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर बोलावण्याची वेळ आली. त्यानंतरचा ऑगस्ट देशभरातला १९०१ नंतरचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. एकाच हंगामात आधी पुराची आणि मग कोरडेपणाची धास्ती. पाणलोटातली जमीन किती भरली आहे हे दोन दिवस आधी कळले, तर पुढच्या शंभर मिलिमीटरचे काय होणार याचा अंदाज अधिक नेमका देता येतो. धरणातून पाणी सोडण्याचा निर्णयही त्यामुळे वेळेत घेता येतो. हिवाळ्यात कालव्याच्या आवर्तनाचे वेळापत्रक ठरवतानाही लाभक्षेत्रातला कोणता भाग खरोखर वाळला आहे, हे नकाशावर पाहता येते. शेवटच्या टोकाला पाणी पोहोचले की नाही, हा कालव्यांवरचा नेहमीचा वाद. ओलाव्याच्या नकाशावर तोही लपत नाही.

गावपातळीवरचा एक प्रयत्न इथे सांगायला हवा. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात यवतमाळ जिल्ह्यातली गावे होती. त्यासाठी आयआयटी मुंबईने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत तयार केली. पाऊस किती, वाहून किती गेला, मातीत किती राहिला, भूजलात किती मुरला आणि पिकांची गरज किती, असा जमाखर्च. यात मातीत राहिलेल्या पाण्याला स्वतंत्र रकाना मिळाला, ही मोठी गोष्ट. एरवी पाण्याची चर्चा धरण, तलाव आणि विहिरीपाशीच संपते; कोरडवाहू शेतकऱ्याचे धरण त्याच्या पायाखालीच असते.

दुष्काळाच्या कागदावर

डिसेंबर २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ व्यवस्थापन संहितेनुसार दुष्काळ ठरवताना आधी पावसाची तूट किंवा खंड पाहतात. त्यानंतर परिणाम दाखवणारे निकष येतात : पेरणीचे क्षेत्र, उपग्रहावरून पिकांची स्थिती, जलसाठे आणि मातीतली ओल. या चार प्रकारांपैकी तीन विचारात घेतले जातात. मातीतल्या उपलब्ध ओलाव्याची टक्केवारी २५ पर्यंत असेल तर स्थिती गंभीर, २६ ते ५० असेल तर मध्यम. त्यानंतर दहा टक्के गावांत प्रत्यक्ष पाहणी होते.

महाराष्ट्राने ‘महामदत’ या संगणकीय प्रणालीचा आधार घेऊन ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. यवतमाळमधले तालुकेही त्या यादीत होते. अशा यादीत तालुका असणे-नसणे म्हणजे कर्जाचे पुनर्गठन, वीजबिलातली सवलत, विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफी मिळणे किंवा न मिळणे.

निकषांत ओलावा आला हे चांगलेच झाले. पावसाच्या नोंदीत २.५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की तो ‘पावसाचा दिवस’ ठरतो. पण उन्हाळलेल्या रानावर पडलेला तीन मिलिमीटरचा शिडकावा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उडून जातो. पिकाच्या मुळापर्यंत तो पोहोचतच नाही. पर्जन्यमापक दिवस मोजतो, पीक ओल मोजते. त्यामुळे ओलाव्याचा निकष पिकाच्या जास्त जवळचा.

पण त्याच निकषात तालुका हे एकक ठेवले की जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. तालुक्याची सरासरी ५५ टक्के निघाली तर कागदावर स्थिती सौम्य. तिच्यात काळ्या रानाचे ७५ आणि बरडावरचे १५ अशी बेरीज असू शकते. आणि बरडावर कोण राहतो? ज्यांच्या वाट्याला जमिनीच्या वाटणीत उतारावरचे हलके रान आले, असे लहान शेतकरी, तांड्यांवरचे आणि पोडांवरचे लोक. सरासरीत त्यांचाच दुष्काळ सर्वांत आधी पुसला जातो.

इथे बारीक ठिपक्यांच्या नव्या उपग्रहांचा खरा उपयोग आहे. पाचशे किंवा दोनशे मीटरची ओलाव्याची नोंद मातीच्या खोलीच्या नकाशावर ठेवली, तर ‘तालुक्यात दुष्काळ आहे का’ याऐवजी ‘तालुक्यातल्या कोणत्या जमिनीवर दुष्काळ आहे’ हे विचारता येते. त्यासाठी उपग्रहाखेरीज तीन गोष्टी लागतील : गावपातळीवरचे मातीच्या खोलीचे नकाशे, काळ्या आणि मुरमाड अशा दोन्ही रानांत कायम बसवलेले ओलावामापक, आणि हे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लावण्याची शिस्त. आकडा उघडा असला की त्याला हरकत घेता येते. बंद संगणकातल्या आकड्याला नाही.

शेतकऱ्याने काय करावे?

उपग्रहाचा नकाशा हातात आला तरी फावडे ठेवून देऊ नये. पेरणीआधी शेतात तीन जागी खड्डा घ्यावा : उंचवट्यावर, मधल्या उतारावर आणि खोलगट भागात. वीतभर खोलीपर्यंतच्या मातीचा लाडू वळतो का, ते पाहावे. उंचवट्यावर वळत नसेल तर निदान तेवढा तुकडा मागे ठेवावा. मातीची खोली किती आणि मुरूम कुठे लागतो, याची एकदा नोंद करून ठेवली की ती जन्मभर कामाला येते. आपले रान किती दिवसांचा खंड सोसेल, हे त्यावरूनच कळते. हलक्या रानात लवकर येणारे वाण, सोयाबीनसाठी रुंद वरंबा आणि सरी, भेगा बुजवणारी डवरणी, बांधबंदिस्ती हे सगळे जुनेच उपाय आहेत. प्रत्येकाचा उद्देश एकच, पायाखालचे धरण थोडे मोठे करणे आणि त्यातली गळती थोडी कमी करणे.

सहाशे किलोमीटरवरून पाच सेंटिमीटरची ओल मोजता येते, ही विज्ञानाची मोठीच झेप आहे. त्याखालची हातभर माती अजून मुठीत घेऊनच पाहावी लागते. सरकारी कागदावर या दोन्ही नोंदी शेजारी शेजारी दिसू लागतील, तेव्हा बरडावरच्या शेतकऱ्याचा कोरडा ऑगस्टही मोजला जाईल.